तीनच तर वायरी आहेत, मग शॉवर मीच का बदलू नये?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बाथरूमच्या भिंतीवरचा, वाहतं पाणी जागच्या जागी तापवणारा इलेक्ट्रिक शॉवर जुना झालाय. तो साडेसात किलोवॅटचा होता, धार बारीक पडायची, म्हणून त्याच जागी साडेदहा किलोवॅटचा आणलाय. नळकाम तुम्हाला येतं. जुन्याचं झाकण उघडून पाहिलं तर आत तीनच वायरी. बोर्डावर ४० अँपिअरचा एमसीबी (लोड फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आहे आणि वायरवर ६ स्क्वेअर एमएम असं छापलंय. तीन वायरी सोडायच्या, तीन लावायच्या, एवढ्यासाठी इलेक्ट्रिशियन कशाला बोलवायचा?

जुन्याइतक्याच वॅटचा शॉवर आणला असतात तर मी म्हटलं असतं, तपासणी करायची तयारी असेल आणि तुमच्याकडचा कायदा आड येत नसेल तर करा. साडेदहाचा आणलात आणि काम बदललं. झाकणाखाली दिसतात त्या तीन वायरी जोडणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, तो कुणालाही जमतो. अवघड प्रश्न भिंतीत गेलेल्या पंधरा-वीस मीटरचा आहे. ती वायर नवा लोड पेलेल का, हे झाकण उघडून कळत नाही.

आकडे मांडतो. २३० व्होल्टवर साडेसात किलोवॅट म्हणजे साधारण ३२.६ अँपिअर. साडेदहा किलोवॅट म्हणजे ४५.७. करंट चाळीस टक्क्यांनी वाढला. पण वायर तापते ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि १.४ चा वर्ग १.९६ येतो. म्हणजे शॉवर दीडपटसुद्धा मोठा नाही आणि त्याच वायरमध्ये, त्याच जॉइंटमध्ये, त्याच स्विचमध्ये तयार होणारी उष्णता मात्र जवळजवळ दुप्पट. गेली अनेक वर्षं जे कनेक्शन कोमट राहून निभावत होतं, ते आता भाजायला लागतं. ‘इतकी वर्षं काही झालं नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच इथे चालत नाही. इतकी वर्षं तिथे दुसराच लोड होता.

जाता जाता एक. डब्यावरचा किलोवॅटचा आकडा कुठल्या व्होल्टेजला दिलाय ते बघा. बरेच उत्पादक २४० व्होल्टवरचा आकडा मोठ्या अक्षरांत छापतात, कारण तो मोठा दिसतो. २४० ला साडेदहा असलेला शॉवर २३० ला साधारण ९.६ किलोवॅटच देतो आणि ४२ अँपिअरच्या आसपास घेतो. उलट, २३० ला साडेदहा असेल आणि तुमच्याकडे दाब २४० येत असेल, तर करंट पावणेअठ्ठेचाळीसपर्यंत जातो. हिशेब नेहमी या वरच्या बाजूनं धरावा.

आता तुम्ही म्हणाल, लोड जास्त झाला तर एमसीबी पडेलच की, तो त्यासाठीच आहे. हा गैरसमज इतक्या लोकांच्या डोक्यात पक्का बसलाय की यावर जरा थांबतो. एमसीबीवर ४० लिहिलंय याचा अर्थ ४१ ला तो पडतो असा नाही. घरगुती एमसीबीचं मानक असं सांगतं की लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट करंटला तो तासभर पडता कामा नये आणि १.४५ पटीला तासाभरात पडलाच पाहिजे. तुमच्या ४० च्या एमसीबीसाठी हे आकडे ४५ आणि ५८ अँपिअर असे येतात. नवा शॉवर घेणार ४५.७. आंघोळ दहा मिनिटांची. एमसीबी पडणारच नाही, किंवा चारजण लागोपाठ आंघोळीला गेले तर एखाद्या दिवशी चौथ्याच्या डोक्याला साबण असताना पडेल. मग घरातलं कुणीतरी म्हणणार, एमसीबी कमी पडतोय, ५० चा टाकू. मी घाबरतो ते या वाक्याला. वायर तीच ठेवून एमसीबी मोठा करणं म्हणजे पातेलं उतू जातं म्हणून झाकणावर दगड ठेवणं.

क्रम असा लागला पाहिजे: शॉवरच्या करंटपेक्षा एमसीबी मोठा, आणि एमसीबीपेक्षा वायरची क्षमता मोठी. ४५.७ चा शॉवर म्हटला की ५० चा एमसीबी आणि ५० पेक्षा जास्त पेलणारी वायर. तुमची ६ स्क्वेअर एमएम तेवढं पेलते का? तांब्याची दोन कोअर आणि अर्थ असलेली सपाट पीव्हीसी केबल मोकळ्या भिंतीवर क्लिपा मारून नेली असेल तर ६ स्क्वेअर एमएम साधारण ४७ अँपिअर घेते. शॉवरला पुरते असं वाटतं, पण ५० च्या एमसीबीला पुरत नाही. आणि ती भिंतीवर मोकळी आहे का? तीच केबल पाइपातून भिंतीत गेली की आकडा चाळिशीच्या आत येतो. छताच्या पोकळीत उष्णतारोधक कापसाच्या थरात अर्ध्या मीटरपेक्षा जास्त अंतर पूर्ण गुंडाळली गेली असेल, तर क्षमता निम्मी धरायची, म्हणजे साडेतेवीस. वायर तीच, तांबं तेच. फरक एवढाच की तयार झालेली उष्णता बाहेर जायला वाट नाही. साध्या पीव्हीसी इन्सुलेशनची मर्यादा ७० अंश सेल्सिअसची. ती ओलांडली म्हणून लगेच काही पेटत नाही. इन्सुलेशन दर आंघोळीला थोडं थोडं कडक होत जातं, मग कधीतरी वाकवलेल्या जागी तडकतं.

म्हणून वायरवरचा ‘६’ वाचून निर्णय होत नाही. ती बोर्डापासून बाथरूमपर्यंत कुठून आली, किती लांब आली, सोबत आणखी कुठल्या गरम होणाऱ्या केबली त्याच पाइपात आहेत, मध्ये जॉइंट आहे का, हे शोधावं लागतं. माझ्या अंदाजानं तुमच्या केसमध्ये १० स्क्वेअर एमएमची नवी केबल लागणार. मोकळी नेली तर ती ६४ अँपिअर घेते. पूर्ण मार्ग उष्णतारोधक थरातून असेल तर तीसुद्धा अपुरी. मग एकतर मार्ग बदला, नाहीतर शॉवर परत करून साडेसात-साडेआठचा आणा. या दुसऱ्या पर्यायात कमीपणा काही नाही. शिवाय घरात येणारी मुख्य लाइन आणि मेन फ्यूज किती अँपिअरचा आहे तेही पाहा. एकट्या शॉवरनं ४६ खाल्ल्यावर ओव्हन, एसी, वॉशिंग मशीन यांना काय उरतं याचा हिशेब वीज कंपनीनं दिलेल्या मंजूर लोडवर करायचा असतो.

मुळात इतका मोठा शॉवर हवा होता का? इलेक्ट्रिक शॉवरमध्ये पाणी साठवलेलं नसतं, वाहत्या पाण्यालाच ऊब द्यायची असते. पाणी २५ अंशांनी तापवायचं असेल तर साडेसात किलोवॅटमध्ये मिनिटाला ४.३ लिटर मिळतं, साडेदहामध्ये ६ लिटर. फरक मिनिटाला पावणेदोन लिटरचा. हे भौतिकशास्त्र आहे, कुठल्याही ब्रँडला ते वाकवता येत नाही. आणि पाणी आधीच फार गार नसेल, १५ अंशच तापवायचं असेल, तर जुनाच शॉवर मिनिटाला सात लिटर देऊ शकतो. तो देत नव्हता याचं कारण बहुधा क्षाराचं आहे. पाणी आत शिरतं तिथे नखाएवढी जाळी असते, ती आणि शॉवरची चाळणी काढून व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा. धार बारीक म्हणून शॉवर बदलायला निघालेल्या घरांपैकी निदान काहींमध्ये मी एवढंच करून परत आलोय. कमाई बुडाली, पण रात्री झोप लागली.

कायद्याचं सांगतो. देशोदेशी नियम वेगळे आहेत. ऑस्ट्रेलियात परवान्याशिवाय घरमालकानं असल्या वायरिंगला हात लावायचाच नाही. इंग्लंडमध्ये २००५ पासून घरगुती विजेचं काम बांधकाम नियमांच्या ‘पार्ट पी’ खाली आलं. २०१३ मध्ये ते जरा सैल झालं, तरी नवं सर्किट टाकलं की अधिकृत नोंद करावी लागते, जुन्याच्या जागी तसाच शॉवर लावला तर नाही. भारतात १९५६ च्या वीज नियमांतल्या ४५ व्या नियमानं दिवे, पंखे, फ्यूज, स्विच, घरगुती उपकरणं बदलायची मुभा दिली होती, पण त्यामुळे मांडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये, ही अट घालून. बाकी सगळं परवानाधारक ठेकेदाराकडून. नंतरच्या नियमांतही रेघ तिथेच राहिली. गंमत बघा, दोन वेगळ्या देशांतल्या कायद्यांनी रेघ जवळजवळ एकाच जागी ओढलीय: जसंच्या तसं बदलणं एक, क्षमता वाढवणं दुसरं. साडेसातचा साडेदहा केला की तुम्ही त्या रेघेच्या पलीकडे गेलात. तुम्ही जिथे राहता तिथला नियम बघा आणि घराचा विमा असेल तर त्याची अटही वाचा.

आता समजा हिशेब जमला, किंवा तुम्ही शॉवर बदलून साडेसातचा आणला, आणि हात तुमचेच लागणार आहेत. तर पुढचं.

पहिलं अर्थिंग. झाकणाखालची हिरवी वायर दिसते म्हणून अर्थिंग आहे असं धरू नका. ती दुसऱ्या टोकाला कुठेच जोडलेली नाही अशी उदाहरणं मी मोजायची सोडून दिलीत. त्याहून वाईट म्हणजे अर्थ नाही म्हणून कुणीतरी बोर्डात हिरवी वायर न्यूट्रलला बांधून ठेवलेली असते. मीटर लावला की सगळं ठीक दिसतं. मग ज्या दिवशी न्यूट्रल कुठे तुटतो, त्या दिवशी शॉवरचे धातूचे भाग थेट फेजवर येतात, आणि खाली ओल्या फरशीवर माणूस अनवाणी उभा. अर्थची वायर बोर्डातल्या अर्थ पट्टीपर्यंत जाते का हे डोळ्यांनी पाहायचं आणि मीटरनं मोजायचं. शॉवर स्वतः प्लॅस्टिकच्या डब्यात असला तरी पाणी तापवणारी टाकी बहुतेकदा धातूची असते आणि तिच्यातलं पाणी तुमच्या अंगावरच येणार असतं.

दुसरं, आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळायला लागला की लाइन तोडणारा स्विच, ज्याला बरेचजण अजून ईएलसीबी म्हणतात. हा नसेल तर काम सुरूच करू नका. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. ४० अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीनं माणसातून जाणारा अर्धा अँपिअर म्हणजे एखादा बल्ब. माणसाचं गणित मात्र मिलिअँपिअरमध्ये चालतं: दहाच्या आसपास गेलं की हाताची पकड सुटत नाही, तीसच्या पुढे काही क्षण गेलं तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. ओल्या कातडीचा विरोध कोरड्याच्या मानानं खूपच कमी, म्हणून बाथरूमचा शॉक खोलीतल्या शॉकसारखा नसतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढ्या गळतीला ३०० मिलिसेकंदांत तोडतो, पाचपट गळतीला ४० मिलिसेकंदांत. त्याच्यावरचं टेस्टचं बटण दाबून पाहा. पडला नाही तर तो नुसता सजावटीचा आहे. काहीजण म्हणतात आरसीसीबी आहे तर अर्थ कशाला. कारण अर्थ असेल तर गळती सुरू झाल्याझाल्या ती अर्थमधून जाते आणि आरसीसीबी रिकाम्या बाथरूममध्ये पडतो. अर्थ नसेल तर गळती वाट बघत बसते, आणि अर्थचं काम पहिला आंघोळीला जाणारा करतो.

तिसरं, लाइन खरंच बंद आहे का. हे मी माझ्या चुकीवरून सांगतो. धंद्यात नवा होतो. बोर्डावर कुणीतरी पेननं ‘बाथरूम’ लिहिलेला एमसीबी पाडला, शॉवरचं झाकण काढलं, टेस्टर टेकवला, दिवा लागला नाही. पकड घातली आणि उलट्या बोटांना असा झटका बसला की पकड बादलीत जाऊन पडली. ‘बाथरूम’ म्हणजे बाथरूमचा दिवा होता, शॉवरचा एमसीबी वेगळा होता. आणि टेस्टर? मी लाकडी स्टुलावर उभा होतो, पायात रबरी चपला. निऑन टेस्टरचा दिवा तुमच्या शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या कणभर करंटवर लागतो. मी स्वतःला जमिनीपासून इतकं छान तोडून घेतलं होतं की तो लागला असला तरी दिसण्याएवढा नव्हता. उलटही होतं. शेजारून गेलेल्या वायरीच्या प्रभावानं मेलेल्या वायरवरही तो मिणमिणतो. असा टेस्टर खिशात ठेवावा, जीव त्याच्यावर ठेवू नये.

तेव्हापासून दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर वापरतो आणि त्याचा क्रम मोडत नाही. आधी चालू असलेल्या सॉकेटवर लावून टेस्टर जिवंत आहे हे पाहायचं. मग शॉवरच्या टर्मिनलवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ अशा तिन्ही जोड्या तपासायच्या. मग पुन्हा त्या चालू सॉकेटवर जाऊन टेस्टर मध्येच मेला नाही ना हे पाहायचं. शॉवरचा दोरीचा किंवा बाहेरचा स्विच बंद केला म्हणून एमसीबी चालू ठेवून काम करायचं नाही. तो स्विच दोन्ही पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही, तोडणारा असायला हवा, पण जुन्या घरांत एकाच पोलचा, तोही न्यूट्रलमध्ये बसवलेला सापडतो. शॉवर बंद, आतल्या वायरी चालू. एमसीबी पाडल्यावर त्यावर चिकटपट्टी लावा आणि घरातल्यांना सांगा. लाइट गेली म्हणून कुणीतरी येऊन सगळं वर करतो, तो नेमका तुमचा हात आत असताना.

रंगांवर तर विश्वास ठेवूच नका. लाल-काळा-हिरवा, तपकिरी-निळा-हिरवापिवळा, काळा-पांढरा-हिरवा, जगात सगळंच चालतं. काळी वायर एका पद्धतीत न्यूट्रल असते आणि दुसऱ्या पद्धतीत फेज. आणि तुमच्या आधीच्या माणसाकडे त्या दिवशी कोणत्या रंगाचं बंडल शिल्लक होतं हे कुणालाच माहीत नसतं.

आता टर्मिनल. शॉवरच्या कामात जे जळतं ते बहुतेक इथेच जळतं. समजा एका टर्मिनलवर पकड सैल आहे आणि तिथे दशांश एक ओहमचा विरोध तयार झाला. १३ अँपिअरच्या साध्या हीटरला त्या जागी १७ वॅट उष्णता निघेल. ४५ अँपिअरला तिथेच २०० वॅट निघते, वाटाण्याएवढ्या पितळी तुकड्यात. एका घरी शॉवर ‘मध्येच गार होतो’ म्हणून बोलावलं होतं. शॉवर नवाकोरा, घरमालकानं स्वतः लावलेला, कामही दिसायला नीटनेटकं. बाथरूममध्ये मासळीसारखा वास, जरा नकोसाच. तो वास ओळखायला शिका, तापलेलं स्विचचं प्लॅस्टिक तसा वास सोडतं. छताचा दोरीचा स्विच उघडला. न्यूट्रलची वायर वरून पाहता व्यवस्थित आत गेली होती. स्क्रू सोडला तर कळलं की स्क्रूचं टोक तांब्यावर नाही, इन्सुलेशनवर बसलं होतं. वायर चार-पाच मिलिमीटर जास्त आत ढकलली गेली होती. तांबं कसंबसं बाजूला टेकत होतं, त्यावर सगळा करंट. बाजूचं पांढरं प्लॅस्टिक चहासारखं तपकिरी झालेलं, वायरचं टोक काळं आणि ठिसूळ. जुन्या, छोट्या शॉवरवर हेच कनेक्शन कदाचित आणखी दहा वर्षं निभावलं असतं.

म्हणून वायर सोलताना टर्मिनलची खोली मोजून तेवढंच सोला. तांबं पूर्ण आत, इन्सुलेशन बाहेर टेकलेलं. स्क्रू घट्ट करा, वायर दोन-तीनदा डावीउजवीकडे हलवा, पुन्हा घट्ट करा, कारण जाड वायरीतले पेड हलल्यावर बसतात आणि स्क्रू अर्धा फेरा आणखी घेतो. मग वायर धरून जोरात ओढा. मॅन्युअलमध्ये टॉर्कचा आकडा दिला असेल तर टॉर्क स्क्रूड्रायव्हर वापरा. वायर भोकात मावत नाही म्हणून चार पेड कापून टाकणारे कारागीर मी पाहिलेत. मावत नसेल तर स्विच त्या वायरसाठी नाही, दुसरा आणा. टोक काळं पडलं असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा. कापल्यावर वायर आखूड पडली तर पीळ मारून टेप गुंडाळायचा नाही. नवी केबल ओढायची किंवा योग्य क्षमतेच्या जंक्शन बॉक्समध्ये, उघडून पाहता येईल अशा जागी जोड द्यायचा. टाइल्सच्या मागे जोड ठेवणं म्हणजे पुढच्या माणसासाठी लावून ठेवलेला सापळा. स्विचही ४५ अँपिअरचा जुना असेल तर ५० चा नवा, दोन्ही पोल तोडणारा लावा. नवा शॉवर आणि जुना स्विच ही जोडी मी लावत नाही.

जागेचं थोडक्यात. आंतरराष्ट्रीय मानकात बाथरूमचे भाग पाडलेत. जिथे शॉवरचा ट्रे नाही, नुसती उतार दिलेली फरशी आहे, तिथे पाण्याच्या स्थिर तोंडापासून १.२ मीटरपर्यंत आणि वर सव्वादोन मीटर उंचीपर्यंतचा भाग पाण्याचा धरतात. तिथे बसणारं उपकरण निदान आयपीएक्स४ दर्जाचं हवं, म्हणजे कुठूनही शिंतोडे आले तरी आत पाणी न जाणारं. साधे स्विच आणि सॉकेट त्या भागात नकोत. दोरीचा स्विच छतावर आणि दोरी खाली, ही युक्ती त्यासाठीच निघाली. केबल आत शिरते तिथला रबरी बूच कापताना भोक मोठं करू नका. आणि आधी टाइल्स, मग शॉवर. शॉवर बसवून त्याच्या कडेनं टाइल्स आणल्या तर पुढच्या वेळी झाकण निघतच नाही.

वायरिंग झालं की लाइन देण्याआधी इन्सुलेशनचं माप. शॉवरच्या वायरी टर्मिनलपासून मोकळ्या ठेवून फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ आणि फेज-न्यूट्रल यांच्यात मेगरनं ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासा. एक मेगाओहमच्या खाली आलं तर पुढे जाऊ नका. चांगल्या वायरीवर आकडा याच्या कितीतरी वर जातो. शॉवर जोडलेला असताना फेज-न्यूट्रल मोजलं तर मीटर पाचेक ओहम दाखवू शकतो आणि माणूस शॉर्ट आहे म्हणून घाबरतो. तो शॉर्ट नाही, हीटरची कॉइल आहे, आणि साडेदहा किलोवॅटच्या कॉइलचा विरोध तेवढाच असतो. अर्थच्या फेऱ्याचं माप आणि आरसीसीबीच्या वेळेचं माप घ्यायला वेगळा मीटर लागतो. तो तुमच्याकडे नसणार, आणि एका कामासाठी घेण्यात अर्थ नाही. यासाठी तरी माणूस बोलवा. काम तुम्ही करून तपासणी दुसऱ्याकडून करून घ्यायला बरेच इलेक्ट्रिशियन तयार होत नाहीत, कारण भिंतीत काय पुरलंय ते त्यांनी पाहिलेलं नसतं. म्हणून हे बोलणं काम सुरू करण्याआधी करा, टाइल्स बसल्यावर नको.

आणि पाणी आधी, वीज नंतर. नळकाम येणारेसुद्धा इथे चुकतात. एमसीबी बंद ठेवून शॉवरमधून पाणी सोडा, फुसफुस संपून सलग धार येऊ द्या, सांधे हातानं चाचपा, कुठे थेंब आहे का बघा. टाकी रिकामी असताना हीटर चालू झाला तर कॉइल काही सेकंदांत जाते आणि वॉरंटीवाला ती लगेच ओळखतो. मग वीज द्या, आधी गार, मग मधलं, मग पूर्ण गरम. शॉवर दहा मिनिटं पूर्ण गरमवर चालवा. क्लॅम्प मीटर असेल तर बोर्डात फेजभोवती लावून करंट वाचा, हिशेबाशी जुळतो का पाहा. स्विचच्या झाकणावर कोरड्या हाताची पाठ टेकवा, एमसीबीच्या तोंडावरही. किंचित कोमट चालेल. हात काढून घ्यावासा वाटला तर लाइन बंद करा आणि टर्मिनल उघडा.

आठवडाभरानं एमसीबी पाडून, तपासून, स्विच आणि शॉवर दोन्हीकडचे स्क्रू पुन्हा एकदा घट्ट करा. पहिल्या काही तापण्या-निवण्यात तांबं थोडं बसतं, आणि एखादा स्क्रू पाव फेरा घेतोच. तोवर जुना शॉवर भंगारात देऊ नका. वायर अपुरी निघाली तर नवी केबल येईपर्यंत तोच परत भिंतीवर चढवायचाय.